इंग्रजी शब्दसंग्रहासाठी ‘अँकी’: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल, म्हणजे पदवीधरांना केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात. प्रत्येकाला २ गुण मिळतात आणि उत्तर चुकले की अर्धा गुण कापला जातो. समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, स्पेलिंग आणि गाळलेल्या जागा यांनी या विभागाचा मोठा भाग व्यापलेला असतो. ६० मिनिटांत एकूण १०० प्रश्न सोडवायचे असल्यामुळे शब्द आठवत बसायला सवड नसते, तो पाहताक्षणी ओळखता यावा लागतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या मला हाच भाग सर्वांत जड जात होता. वहीत याद्या करून मी दोनदा तयारी केली आणि दोन्ही वेळा सुरुवातीच्या पानांवरचे शब्द पक्के, पुढचे मात्र अनोळखी, अशीच स्थिती झाली. त्यानंतर गेले वर्षभर मी ‘अँकी’ हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारे सॉफ्टवेअर वापरत आहे.

हे सॉफ्टवेअर २००६ पासून उपलब्ध आहे आणि त्याच्या जपानी नावाचा अर्थच ‘पाठ करणे’ असा आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न दिसतो, आपण मनात उत्तर द्यायचे, मग दुसरी बाजू उघडून ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’, ‘ईझी’ यांपैकी एक बटण दाबायचे. आठवलेला शब्द दर वेळी अधिक दिवसांनी समोर येतो आणि विसरलेला लगेच परत येतो, त्यामुळे वेळ नेमका कच्च्या शब्दांवर खर्च होतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवले. शब्द मुळीच आठवला नसेल तर ‘अगेन’च दाबले पाहिजे, नाहीतर न येणारा शब्दही येतो असे धरून त्याचे अंतर वाढत जाते. मला हे दीड महिन्याने कळले आणि तोवरची बरीच कार्डे पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

सुरुवातीला मी कोणीतरी केलेला हजारो शब्दांचा तयार संच उतरवून घेतला होता. त्यात ‘नोटोरियस’ या शब्दापुढे नुसते ‘प्रसिद्ध’ असे लिहिलेले होते. परीक्षेत ‘फेमस’ आणि ‘इन्फेमस’ हे दोन्ही पर्याय समोर आले, तर असा अर्थ पाठ असलेला उमेदवार हमखास चुकणार. ‘कुख्यात’ हा नेमका मराठी शब्द असताना तो न देणे मला अक्षम्य वाटते. तो संच मी काढून टाकला आणि स्वतः कार्डे करू लागलो, आणि अँकीचा खरा उपयोग तेव्हापासून सुरू झाला. ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी आणि ‘मायझरली’ म्हणजे चिक्कू, असे लिहिले की एका शब्दात कौतुक आहे आणि दुसऱ्यात नापसंती, हे वेगळे समजावून घ्यावे लागत नाही. आपल्या भाषेने तो भेद आधीच केलेला असतो.

शब्दसमूहाबद्दलच्या शब्दांत तर मराठी फारच उपयोगी पडते. ‘पॅट्रिसाइड’, ‘मॅट्रिसाइड’, ‘फ्रॅट्रिसाइड’ या नेहमी विचारल्या जाणाऱ्या शब्दांसाठी मी पितृहत्या, मातृहत्या, भ्रातृहत्या अशी कार्डे केली. लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या असल्यामुळे पितृ आणि पॅट्रि, मातृ आणि मॅट्रि, भ्रातृ आणि फ्रॅट्रि यांचे नाते कानालाच जाणवते. हे तीन शब्द मी त्यानंतर एकदाही विसरलो नाही.

गाळलेल्या जागांसाठी अँकीत स्वतंत्र प्रकारचे कार्ड आहे. पूर्ण वाक्य लिहून त्यातला हवा तो शब्द झाकता येतो, आणि शब्द वाक्यातच भेटत असल्यामुळे त्याच्यासोबत येणारे शब्दयोगी अव्ययही लक्षात राहते. स्पेलिंगसाठी उत्तर टाइप करायची सोय आहे. चुकलेले अक्षर वेगळ्या रंगात दिसते. ‘स्टेशनरी’ या एकाच उच्चाराच्या, पण ‘स्थिर’ आणि ‘लेखनसाहित्य’ अशा वेगळ्या अर्थांच्या दोन शब्दांतला ‘ए’ आणि ‘ई’ यांचा घोळ माझा असाच सुटला. एखादे कार्ड आठ वेळा विसरले की अँकी त्याला ‘लीच’, म्हणजे जळू, ठरवून बाजूला ठेवते. असे शब्द मी मोडून दोन-तीन सोप्या वाक्यांत पुन्हा लिहितो.

उणिवाही आहेत. मांडणी रुक्ष आहे आणि सेटिंग्ज पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकतात. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, परंतु आयफोनचे अधिकृत ॲप विकत घ्यावे लागते आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते महाग आहे. मुळात ठरवून दिलेले रोजचे २० नवे शब्द मला झेपले नाहीत. महिनाभरात उजळणीच पाऊण तासावर गेली आणि दोन दिवसांचा खाडा पडला की डोंगर साचू लागला. आता मी रोज आठच नवे शब्द घेतो, ते त्या दिवशी वाचलेल्या इंग्रजी वर्तमानपत्रातून किंवा सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकेतून आलेले असतात, आणि अभ्यासिकेत बसल्यावर पहिली वीस मिनिटे उजळणीला देतो. परीक्षेच्या तीन आठवडे आधी नवे शब्द पूर्ण थांबवून केवळ उजळणीला आलेली कार्डे करणार आहे.