भद्रकालीतलं काष्ठौषधीचं दुकान: आधी चालू गोळ्या विचारतात, मग पुडी बांधतात

नाशकात कंपवात, फिट्स, विसरभोळेपणा असल्या दुखण्यांसाठी वनस्पती घ्यायच्या असतील तर मी भद्रकालीतल्या या जुन्या दुकानातच पाठवीन. रविवार कारंज्याकडून चालत या, गाडी आणू नका, लावायला जागाच मिळत नाही. दुकान बाहेरून साधंच, पत्र्याचे डबे, पोती, आत शिरलं की वेखंड-जटामांसीचा उग्र वास.

माझ्या वडिलांना पार्किन्सन म्हणजे कंपवात आहे, लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या चालू आहेत; लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होते, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन. नात्यातल्यांनी सांगितलं की कवचबीज द्या, म्हणजे आपल्याकडची खाजकुइली, म्हणून घ्यायला गेले तर दुकानातल्या काकांनी डबा उघडायच्या आधीच विचारलं, "ताई, कोणासाठी? गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी सांगितल्यावर म्हणाले, "मग आत्ता देत नाही. न्यूरोलॉजिस्टला विचारून या, बी इथंच आहे." गिऱ्हाईक दारात उभं असताना माल न देणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला आणि मला ते मनापासून आवडलं.

कारण ते बरोबरच आहे. या बियांमध्ये खरोखरची लेव्होडोपा असते, भारतातल्या शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच ती त्यातून वेगळी काढली होती. प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के, म्हणजे ५ टक्के धरले तरी ३ ग्रॅम चूर्णात दीडशे मिलिग्रॅम झाली, आणि वडिलांच्या एका गोळीत शंभर असते! म्हणजे "काय होतंय, झाडपाल्याचं तर आहे" म्हणून चमचाभर दिलं तर दीड गोळी जास्तीची दिल्यासारखंच. नुसतं चूर्ण घेतलं तर कार्बिडोपा नसल्यामुळे बरीचशी लेव्होडोपा मेंदूत पोचायच्या आधीच डोपामिन होऊन जाते, मग मळमळ, उलट्या, बीपी खाली. आणि चालू गोळीबरोबर घेतलं तर गोळीतली कार्बिडोपा या लेव्होडोपालाही मेंदूपर्यंत पोचवते, मग हातपाय आपोआप वळवळायला लागणं, भास होणं, हे होऊ शकतं.

वनस्पतीत दम नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २००४ साली छापून आला, त्यात ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम साधारण ३५ मिनिटांत दिसला आणि नेहमीच्या गोळीचा ६९ मिनिटांत. पण पेशंट फक्त ८ होते, आणि तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. आमच्या डॉक्टरांनी सध्या नको सांगितलं, तर आम्ही नाही दिलं.

शंखपुष्पीचंही तसंच. माझ्यासमोर एक बाई मुलाच्या फिट्ससाठी न्यायला आल्या होत्या, काकांनी गोळी विचारली, फेनिटॉइन निघाली, त्यांनाही चिठ्ठी आणायला सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी १९९२ साली छापलंय की शंखपुष्पीच्या सिरपमुळे पेशंटच्या रक्तातलं फेनिटॉइन कमी झालं आणि ताब्यात असलेल्या फिट्स परत सुरू झाल्या. हे दर दुकानात भिंतीवर लावायला पाहिजे खरं तर.

मालाबद्दल सांगायचं तर ब्राह्मी इथूनच घ्या. बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती मिळतात, एक लहान, जाडसर पानांची आणि दुसरी घोड्याच्या खुरासारख्या गोल पानांची मंडूकपर्णी, आणि बरेच जण हाताला येईल ती देतात. इथे दोन वेगळे डबे आहेत, पानं हातावर ठेवून दाखवतात. माझ्या आईसाठी पहिली घेतली, डॉक्टरांना विचारूनच. काकांनी स्वतःहून सांगितलं की हिला वेळ लागतो, आठ दिवसांत काही दिसणार नाही. अभ्यासही बहुतेक १२ आठवड्यांचे आहेत, स्मरणशक्तीला थोडाफार फायदा दिसतो, पण अल्झायमर बरा होतो असं काही सिद्ध झालेलं नाही आणि काकांनी तसं म्हटलंही नाही. ऑनलाइन जाहिरातीत "मुळापासून बरा" लिहिलेल्या कॅप्सूल बघून झाल्यावर हे ऐकून फार बरं वाटलं, त्यातल्या कवचबीजाच्या डब्यांवर तर लेव्होडोपा किती हेही बऱ्याचदा लिहिलेलं नसतं.

आता खटकलेलं. पुडीवर कुठली तारीख नाही, माल कधीचा ते विचारल्याशिवाय कळत नाही. चूर्ण समोर दळून देतात हे चांगलं, पण सगळं एकाच मशीनमध्ये, म्हणून आधी पुसून घ्यायला सांगा, लगेच पुसतात, कुरकुर करत नाहीत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुपारी काका जेवायला गेले की गल्ल्यावर एक पोरगा बसतो, तो काहीही न विचारता मागाल ते तोलून देतो. काकांनी त्यालाही हे प्रश्न शिकवले पाहिजेत, मी त्यांना तसं बोललेय. तोपर्यंत सकाळी किंवा संध्याकाळी जा, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, पेमेंट फोनवरून चालतं. पाचपैकी चार स्टार.