लासोटा लस: परसातल्या दहा-बारा कोंबड्यांसाठी घ्यावी का?

संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी खुराड्यात मरून पडली, तर खानापूर-निपाणीकडे पहिला संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेत या विषाणूच्या रोगाचा. त्यावर लासोटा घ्यावीच. लस स्वस्त आहे, पण नाजूक.

अडचण कुपीची. ती बहुधा 100 मात्रांची असते आणि द्राव मिसळला की दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी देणं म्हणजे नुसतं पाणी देणं. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी गोळा करा. 5 ते 7 दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा. पुढे पिल्लू 8 ते 10 आठवड्यांचं झालं की आरटूबीचं, म्हणजे राणीखेतवरच्याच दुसऱ्या लसीचं, इंजेक्शन. गिरिराज असो वा गावठी, ते चुकवू नये. बेळगावहून आणताना बर्फाचा थर्मास हवाच, 2 ते 8 अंश. एस.टी.त पिशवीत तापलेली कुपी फेकून द्या. पाण्यातून द्यायची तर क्लोरीनचं नळपाणी नको, त्याने लसीतला विषाणू मरतो. आजारी पक्ष्याला लस नको.

उन्हाचा तडाखा, बुरशीचा मका, कोंबड्यांचा कॉलरा यांवर ही लस चालत नाही. त्यामुळे लस देऊनही कोंबडी मेली तर शवविच्छेदन करून घ्या: मेलेली कोंबडी दुहेरी पिशवीत, बर्फावर, त्याच दिवशी न्या, गोठवू मात्र नका, गोठल्यावर अवयव नीट तपासता येत नाहीत. एकदम अनेक मेल्या तर बर्ड फ्लूची शक्यता असते. तेव्हा हात न लावता सरकारी पशुदवाखान्याला कळवा.