दमशेराज, टॅबू की वीस प्रश्न : मुलांसाठी कोणता खेळ निवडाल?

मूल घरात अखंड बडबडतं आणि चारचौघांत गप्प होतं, की बोलतं भरपूर पण समोरच्याला काही उमगत नाही? खेळ निवडण्याआधी हे नीट पाहा. तिन्ही खेळ 'ओळखा पाहू'चेच, पण मुलाकडून करून घ्यायची मेहनत वेगळी.

दमशेराजमध्ये तोंड बंद, नुसत्या अभिनयातून ओळखायला लावायचं, त्यामुळे बुजऱ्या मुलाला शब्द शोधण्याचं ओझं नसतं. मात्र सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर एकट्याने उभं राहणं त्याला जड जातं. पहिले काही डाव जोडीने खेळवा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना सिनेमाची नावं नकोत, क्रिया द्या : पोळी लाटणं, गच्च भरलेल्या लोकलमध्ये चढणं. आठ वर्षांपुढे म्हणी चालतात. 'पालथ्या घड्यावर पाणी' छान जमते, कारण घडा, तो उलटा करणं, पाणी ओतणं, सगळं हातांनी दाखवता येतं. 'अति तिथे माती' बहुतेकदा फसते; 'अति' दाखवायचं कसं? खुणा आधी ठरवा : वर केलेली बोटं म्हणजे शब्दांची संख्या, कान ओढला की यमक. हवेत अक्षरं गिरवायला बंदी, नाहीतर अभिनय बाजूलाच राहतो. एका गटात चारच मुलं, जास्त झाली की मागची कंटाळतात.

पण या खेळात देहबोली सुधारते, वाक्य नाही. बोलणं सुधारायचं असेल तर आमचा कौल टॅबूला.

हा खेळ 1989 पासून बाजारात आहे. कार्डावर एक शब्द, खाली पाच निषिद्ध शब्द, आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वरचा शब्द आपल्या गटाकडून ओळखून घ्यायचा, पण तो किंवा निषिद्ध शब्द न उच्चारता. मूळ कार्डं इंग्रजीत असल्याने मराठीसाठी ती घरीच करावीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची 40 कार्डं दोन संध्याकाळींना पुरतात. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी निषिद्ध शब्द दोनच ठेवा, दहानंतर पाच.

'छत्री'चं कार्ड घ्या. बंदी : पाऊस, भिजणे, उघडणे, रेनकोट, दांडा. मूल आधी अडतं, हात हलवायला लागतं (हातही बंद!), मग म्हणतं, "जूनमध्ये आई दप्तरात घालते, आणि मी बसमध्ये विसरतो." नेहमीचा शब्द हाताशी नसला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय आहे याचा विचार करावाच लागतो. संवाद म्हणतात तो इथे शिकला जातो.

मराठीत भांडण हमखास होतं ते शब्दांच्या बदलत्या रूपांवरून. 'पाऊस' बंद, मग 'पावसात' चालेल का? 'भिजलो' चालेल का? कोणतंही रूप चालणार नाही, असं सुरुवातीलाच सांगून टाका. समोरच्या गटातल्या एका मुलाने शेजारी उभं राहून कार्ड पाहायचं आणि चूक झाली की स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायचा. हे काम बडबड्या मुलाला द्या, कारण त्याला कान देऊन ऐकण्याची सवय लागते.

वीस प्रश्नांना सामानच लागत नाही : एकाने मनात एक गोष्ट धरायची, दुसऱ्याने वीस प्रश्नांत ती ओळखायची. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात दोन-तीन डाव होतात, दोघंच असली तरी. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या झाल्या तर वीस प्रश्नांत 10 लाखांहून जास्त गोष्टींतून एक शोधता येते. मुलं मात्र तिसऱ्याच प्रश्नाला "आंबा आहे का?" म्हणून मोकळी होतात. पहिले पाच प्रश्न फक्त गटांचे ठेवा : सजीव आहे का, घरात असतं का, खाता येतं का. "मोठं आहे का?" याला नेमकं उत्तर नसतं, "माझ्या दप्तरात मावेल का?" याला असतं. प्रश्न विचारायची भीती वाटणाऱ्या मुलासाठी हा खेळ आधी घ्या, टॅबू महिन्याभराने.

बोलताना अडखळणाऱ्या मुलाच्या पाळीला टॅबूचं वाळूचं घड्याळ उचलून ठेवा, म्हणजे घाईने अडखळणं वाढणार नाही. वेळेऐवजी कार्डं मोजा, प्रत्येकाला तीन. आणि त्याचं वाक्य कुणीही मध्येच पूर्ण करायचं नाही, हा नियम त्याच्या एकट्यासाठी न सांगता सगळ्यांनाच लावा.