क्लब सोडून गेलेला स्ट्रायकर सुधारला की नाही? त्यासाठी अंडरस्टॅट किती कामाचं

फुटबॉलमध्ये तरुण स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा पुढचा खेळाडू, क्लब सोडून गेला की जुन्या क्लबच्या चाहत्यांत दोन तट पडतात. नव्या जागी त्याने चार गोल मारले की एक तट म्हणतो, "हिरा हातचा घालवला." सहा सामने कोरडे गेले की दुसरा म्हणतो, "सांगितलं नव्हतं? पोरगा तेवढ्याच वकुबाचा होता." दोघांच्या हातात एकच आकडा असतो, गोलांचा. आणि वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या बाबतीत तोच आकडा सगळ्यात जास्त फसवतो, कारण एका हंगामात तो मुळात फटकेच थोडे मारतो.

हा वाद थोडा तरी शुद्धीवर आणायचा असेल तर अंडरस्टॅट ही साइट उपयोगी पडते. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. 2014-15 च्या हंगामापासूनचा हिशोब तिथे मिळतो, तोही सहा लीगचा: इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि रशिया यांची सर्वोच्च लीग. प्रत्येक फटक्याला 0 ते 1 मधला एक आकडा दिलेला असतो. त्या जागेवरून, तशा पद्धतीने मारलेला फटका गोल होण्याची शक्यता किती, ते तो सांगतो. या आकड्यांची बेरीज म्हणजे एक्सजी (एक्स्पेक्टेड गोल्स, अपेक्षित गोल). पेनल्टीला इथे 0.76 धरतात. बॉक्सच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या) बाहेरून मारलेल्या साध्या फटक्याला 0.03-0.04 च्या आसपासच मिळतात.

लीगच्या पानावरचा खेळाडूंचा तक्ता उघडला की सामने, मिनिटं, गोल, असिस्ट, एक्सजी असे रकाने दिसतात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच चुकतात. तक्त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पेनल्टी वगळून गोल आणि पेनल्टी वगळून एक्सजी हे दोन रकाने आधी चालू करायचे. ते मुळात बंद असतात आणि या वादात त्यांच्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

का, ते पाहायला फोलारिन बालोगनचं उदाहरण पुरेसं आहे. आर्सेनलचा हा पोरगा 2022-23 मध्ये लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, रेंसकडे गेला आणि फ्रेंच लीगमध्ये 21 गोल करून परतला. 2023 च्या उन्हाळ्यात मोनॅकोने त्याला विकत घेतलं. त्याच सप्टेंबरात नीसविरुद्धच्या सामन्यात त्याला दोन पेनल्टी मिळाल्या. नीसचा गोलकीपर बुल्का याने दोन्ही अडवल्या आणि मोनॅको 0-1 ने हरलं. अंडरस्टॅटच्या हिशोबात या दोन फटक्यांचेच 1.52 झाले, म्हणजे एका सामन्यात दीड गोलाची अपेक्षा आणि हाती शून्य. एवढ्यावरून "संधी वाया घालवतो" असा शिक्का मारणारे खूप भेटतात. पण चालू खेळात तो किती वेळा आणि कुठे मोकळा होत होता, यावर त्या दोन पेनल्टींनी काहीच उजेड पडत नाही. हेच उलटंही होतं. नव्या क्लबने पेनल्टीची जबाबदारी दिली की पोराचे गोल पाच-सहाने वाढतात आणि खेळ होता तिथेच असतो.

हिशोब असा करायचा. समजा एका पोराने 1100 मिनिटं खेळून 5 गोल केले, त्यातले 2 पेनल्टीचे, आणि एकूण एक्सजी 4.6. पेनल्टीचे 1.52 वजा केले की उरतात 3.08, आणि गोल उरतात 3. मिनिटांना 90 ने भागलं की 12.2 पूर्ण सामने होतात. 3.08 भागिले 12.2 म्हणजे दर सामन्याला 0.25. पहिल्या पसंतीच्या स्ट्रायकरसाठी हा आकडा बेताचाच आहे. 0.40 च्या वर सातत्याने राहणारा पोरगा पाहिला की कान टवकारायचे. "14 सामन्यांत 5 गोल" या मथळ्यात यातलं काहीच दिसत नाही.

यातही गोलांपेक्षा एक्सजीकडे जास्त लक्ष द्यावं. अपेक्षेपेक्षा दोन-तीन गोल जास्त झाले किंवा कमी झाले, हे पुढच्या हंगामात टिकेलच असं नाही. बहुतेकदा टिकत नाही. टिकतं ते संधीपर्यंत पोचणं: दर सामन्याला फटके किती आणि ते कुठून. म्हणून गोल आटले पण एक्सजी तसाच राहिला, तर धीर धरावा. गोल वाढले पण एक्सजी वाढला नाही, तर पेढे वाटायची घाई नको.

खेळाडूच्या स्वतःच्या पानावर खाली छोटे तक्ते आहेत. या साइटचं खरं मोल तिथे आहे. जागेनुसार केलेल्या तक्त्यात "बदली" अशी वेगळी ओळ असते. जुन्या क्लबमधले पोराचे आकडे बहुधा याच ओळीतून आलेले असतात. सत्तराव्या मिनिटाला उतरलेल्या पोरासमोर दमलेला डिफेन्स असतो, समोरचा संघ मागे असेल तर मैदान मोकळं असतं, आणि स्वतःला वीस मिनिटंच पळायचं असतं. 300 मिनिटांत 2 गोल म्हणजे दर सामन्याला 0.6, असं गणित मांडून "आमच्याकडे दर सामन्याला 0.6, तिकडे 0.3, म्हणजे घसरला" असा निष्कर्ष काढला जातो. तो साफ चुकीचा आहे. बदली म्हणून काढलेले आकडे बदलीच्या आकड्यांशी ताडावेत आणि सुरुवातीपासून खेळलेले सुरुवातीच्याशी. हजारएक मिनिटं होईपर्यंत तर कुठलाच निकाल देऊ नये.

त्याच पानावर फटक्यांचा नकाशा आहे. प्रत्येक फटका म्हणजे एक वर्तुळ. संधी जितकी मोठी तितकं वर्तुळ मोठं, आणि गोल झाला, अडवला गेला, बाहेर गेला हे रंगावरून कळतं. वर्तुळावर बोट ठेवलं की मिनिट, कोणत्या पायाने मारला आणि पास कोणी दिला हे समजतं. जुन्या क्लबचा हंगाम आणि नव्या क्लबचा हंगाम असे दोन नकाशे शेजारी उघडून पाहावेत. वर्तुळं गोलसमोरच्या सहा यार्डांकडे सरकली आहेत का? डोक्याने मारलेल्या फटक्यांचं प्रमाण वाढलंय का? उजव्या पायाच्या पोराचे डाव्या पायाचे फटके दिसू लागलेत का? एकूण एक्सजीला फटक्यांच्या संख्येने भागलं की सरासरी फटक्याचा दर्जा मिळतो. सगळ्या खेळाडूंची सरासरी 0.10 च्या आसपास असते, स्ट्रायकरने त्याच्या वर असायला हवं. ज्या पोराची ही सरासरी 0.09 वरून 0.15 वर जाते, तो लांबून मारायची खोड सोडून बॉक्समध्ये घुसायला शिकला, असं बेधडक म्हणावं. या वादात सुधारणेचा याहून स्वच्छ पुरावा फुकटात दुसरीकडे मिळणं अवघड आहे.

सगळेच स्ट्रायकर गोलांवर तोलता येत नाहीत. जोशुआ झर्कझी बायर्नमधून 2022 मध्ये बोलोन्याला गेला. 2023-24 मध्ये त्याचे लीगमध्ये 11 गोल झाले आणि बोलोन्या चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरलं. तो गोलकडे पाठ करून चेंडू घेतो, खाली उतरतो, दुसऱ्याला पुढे सोडतो. अशा खेळाडूसाठी एक्सजी-चेन आणि एक्सजी-बिल्डअप हे दोन रकाने आहेत. पहिल्यात, हल्ला फटक्यापर्यंत पोचला तर त्यात चेंडूला पाय लावलेल्या प्रत्येकाला त्या फटक्याचं श्रेय मिळतं. दुसऱ्यात स्वतः मारलेला फटका आणि फटक्याआधीचा शेवटचा पास वगळतात, म्हणजे निव्वळ मागून केलेली बांधणी उरते. हे रकाने वाचताना संघ लक्षात ठेवावा लागतो. चेंडू जास्त वेळ स्वतःकडे ठेवणाऱ्या संघात सगळ्यांचेच हे आकडे फुगतात, त्यामुळे त्याच संघातल्या दुसऱ्या फॉरवर्डशी तुलना केली तरच त्यांना अर्थ आहे.

आता या साइटची सगळ्यात मोठी त्रुटी. क्लब सोडणारी पोरं जिथे जातात, नेमकी तीच मैदानं इथे नाहीत. इंग्लंडची चॅम्पियनशिप (तिथली दुसरी लीग) नाही, नेदरलँड्स नाही, बेल्जियम नाही, पोर्तुगाल नाही, जर्मनीची दुसरी लीग नाही. चषकाचे सामने नाहीत, युरोपातल्या स्पर्धाही नाहीत.

विक्टर ग्योकेरेसचंच पाहा. ब्रायटनकडून त्याला प्रीमियर लीगचा एकही सामना मिळाला नाही. सेंट पाउली, स्वान्सी, कॉव्हेंट्री असा लोनचा फेरा झाला, मग कॉव्हेंट्रीने त्याला कायमचं घेतलं. 2022-23 मध्ये चॅम्पियनशिपमध्ये 21 गोल, पुढे स्पोर्टिंगकडून पोर्तुगालच्या लीगमध्ये 2023-24 ला 29 आणि 2024-25 ला 39. क्लब सोडून फुललेल्या स्ट्रायकरचं अलीकडच्या काळातलं इतकं ठळक उदाहरण क्वचितच दुसरं असेल. आणि 2025 मध्ये तो आर्सेनलला येईपर्यंतचा हा सगळा प्रवास अंडरस्टॅटवर कोरा आहे.

अलेक्झांडर इसाकचं अर्धंमुर्धं दिसतं. डॉर्टमुंडकडून जर्मनीच्या बुंडेसलीगामध्ये त्याला फक्त 5 सामने मिळाले, गोल एकही नाही. 2019 च्या पहिल्या सहा महिन्यांत तो विलेम टू कडे लोनवर होता आणि डच लीगमध्ये 16 सामन्यांत 13 गोल केले. गाडी तिथेच रुळावर आली, आणि नेमके तेच सहा महिने इथे नाहीत. पुढचं मात्र सगळं आहे: रेआल सोसिएदादकडून 2020-21 ला 17 गोल, लगेच पुढच्या हंगामात 6, मग न्यूकॅसलकडून 10, 21 आणि 23. त्या 6 गोलांच्या हंगामात "एका वर्षाची चमक होती" म्हणणारे कमी नव्हते. तरुण स्ट्रायकरचा आलेख असाच खाली-वर होत जातो, म्हणून एकाच हंगामाचं पान उघडून भांडू नये.

लोनच्या छोट्या मुक्कामाला तर जपूनच वाचावं. 2012-13 मध्ये हॅरी केन नॉर्विचकडून लीगचे 3 सामने खेळला, गोल शून्य. नंतर लेस्टरकडून लीगच्या 13 सामन्यांत 2 गोल. दोनच वर्षांनी टॉटनहॅमसाठी प्रीमियर लीगमध्ये त्याचे 21 गोल होते.

ही पोकळी भरायला सोबत दोन साइट ठेवाव्या लागतात. ट्रान्सफरमार्क्टवर लोनचा इतिहास, खालच्या लीगमधली मिनिटं आणि दुखापतींच्या तारखा मिळतात. फॉर्म गेला असं वाटणाऱ्या दोन महिन्यांत पोरगा मांडीच्या स्नायूमुळे बाहेर होता, हे अनेकदा तिथेच कळतं. तिथल्या बाजारमूल्याला मात्र वादात पुरावा म्हणून आणू नये. ते सभासदांच्या चर्चेतून ठरतं, त्यामुळे चाहत्यांचं मत चाहत्यांनाच परत दाखवल्यासारखं होतं. फॉटमॉबवर ज्या लीग अंडरस्टॅटवर नाहीत त्यातल्या बऱ्याच मिळतात, शिवाय समोरच्या बॉक्समध्ये चेंडूला किती वेळा पाय लागला हेही दिसतं. तरुण स्ट्रायकरच्या बाबतीत हा आकडा गोलांच्या आधी हलतो. एक पथ्य पाळावं: एका हंगामाचा एक्सजी एका साइटवरून आणि दुसऱ्याचा दुसरीकडून घेऊन तुलना करू नये. फॉटमॉबचे आकडे ऑप्टा या आकडेवारी पुरवणाऱ्या कंपनीकडून येतात आणि ऑप्टा पेनल्टीला 0.79 धरतं. पेनल्टीतच फरक, तर बाकी फटक्यांतही असणारच.

संघाचं पानही उघडायला विसरू नये. लियम डेलॅप मँचेस्टर सिटी सोडून इप्सविचला गेला आणि 2024-25 मध्ये त्याने 12 गोल केले. नुसते 12 ऐकले तर विशेष वाटत नाही. पण इप्सविचचे अख्ख्या हंगामातले गोल 36 होते आणि संघ 22 गुणांवर राहून खालच्या लीगमध्ये घसरला. तिसरा हिस्सा एकट्या पोराचा. चेंडूच न मिळणाऱ्या संघात 12 आणि सतत हल्ला करणाऱ्या संघात 12 हे एका तराजूत टाकता येत नाहीत.

वापरायला साइट थोडी रुक्ष आहे. मोबाइलवर तक्ते आडवे सरकवावे लागतात आणि नकाशातली छोटी वर्तुळं बोटाला सापडत नाहीत, त्यामुळे हे काम संगणकावरच करावं. हंगामाच्या मध्यात त्याच लीगमध्ये क्लब बदललेल्या खेळाडूची लीगच्या तक्त्यात एकच ओळ येते, दोन्ही क्लबांची नावं शेजारी लिहून. जानेवारीत गेलेल्या पोराची तुलना करताना त्या ओळीवर विसंबू नये, खेळाडूच्या पानावरची सामन्यांची यादी घेऊन आधीचं आणि नंतरचं वेगळं जोडावं. वीस-पंचवीस ओळींची बेरीज आहे, दहा मिनिटांत होते.

चेंडू नसताना योग्य वेळी योग्य जागी धावणं, डिफेंडरला ओढून दुसऱ्यासाठी जागा करणं, चेंडू गेल्यावर दाब टाकणं, यातलं काहीही इथे दिसत नाही, कारण मोजणी फटक्यापासून सुरू होते. त्यासाठी पोराचे दोन-तीन पूर्ण सामने पाहावेतच, आणि निवडताना ज्यात गोल झाला नाही ते निवडावेत.