इंजिन घरीच धुण्याचा, खरे तर पुसण्याचा, अकरा महिन्यांचा अनुभव

आमची गाडी 2014 सालची पेट्रोल स्विफ्ट आहे आणि ती रत्नागिरीजवळच्या एका वाडीत, पडवीला लागून, उघड्यावर उभी असते. जांभ्याची तांबडी धूळ, खारा वारा आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला येणारे उंदीर यांमुळे इंजिनवर वर्षभरात जो थर बसतो, तो तेलात कालवलेल्या गेरूसारखा दिसतो. दोन वर्षांपूर्वी हा थर काढण्यासाठी गाडी एका वॉशिंग सेंटरवर दिली होती. तेथे आधी सगळीकडे डिझेल फवारले, मग प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतले, आणि दुसऱ्या दिवशी घाट चढताना गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिन मधूनमधून गचके खाऊ लागले. मेकॅनिकने एक इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) उपसून दाखवली, तेव्हा प्लगच्या खड्ड्यात चमचाभर पाणी साचलेले होते. कॉइल बदलावी लागली. डिझेलचा जो तवंग रबरी नळ्यांवर राहिला होता, त्याच्यावर पंधरा दिवसांत पूर्वीपेक्षा जाड धूळ बसली. डिझेल आणि रॉकेल यांनी रबर फुगून मऊ पडते, हेही तेव्हाच कळले.

त्यानंतर गेल्या नोव्हेंबरपासून या सप्टेंबरपर्यंत मी घरीच पाच वेळा सफाई केली. त्यासाठी घेतलेले साहित्य साधे आहे: पाण्यात मिसळणारे डिग्रीझर (तेलकट मळ सुटा करणारे द्रव), कुंड्यांसाठी मिळतो तो 2 लिटरचा हातपंप, रंगाचा एक इंची ब्रश, जुने टूथब्रश, मायक्रोफायबरची फडकी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरबँड, हातमोजे आणि चष्मा. पंप नवाच घ्यावा. आंब्या-काजूवर फवारणी केलेला घरातला पंप कितीही धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहतो, आणि तो फवारा आपल्या तोंडाजवळ उडणार असतो. साध्या मळासाठी एक भाग डिग्रीझरला दहा भाग पाणी आणि तेलकट चिकट्यासाठी एकाला चार, हे प्रमाण माझ्या बाटलीला लागू पडले. तुमच्या बाटलीवर जे छापलेले असेल तेच पाळावे.

हे मी पहिल्याच वेळी पाळले नाही. गिअरबॉक्सच्या आवरणावरचा चिकटा हटत नाही म्हणून मी डिग्रीझर पाणी न घालता ओतले आणि ऊन्हात दहा मिनिटे तसेच ठेवून चहा घ्यायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तो ते वाळले होते, आणि पुसल्यावर अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट डाग उमटलेला दिसला. बहुतेक डिग्रीझर अल्कधर्मी असतात आणि तीव्र अल्क अ‍ॅल्युमिनियमला खाते. तो डाग आजही आहे. तेव्हापासून तळहाताएवढा भाग घ्यायचा, फवारायचे, ब्रशने घासायचे आणि ओले असतानाच पुसून काढायचे, असा क्रम मी ठेवला आहे.

सफाईचा दिवस मी सकाळचा धरतो, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहून इंजिन पूर्ण गार झालेले असते. गरम इंजिनवर गार पाणी पडणे धातूला चांगले नाही, डिग्रीझर क्षणात वाळते, आणि तापलेल्या एक्झॉस्टजवळ हात भाजतो तो वेगळाच. प्रथम दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवतो. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलो आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात, म्हणून सोडवताना निगेटिव्ह पहिले आणि जोडताना शेवटी. मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचे तोंड आणि चारही इग्निशन कॉइलचा भाग पिशव्यांनी झाकून रबरबँड लावतो, आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) व ऑइलचे झाकण घट्ट बसले आहे ना, हे हाताने चाचपतो. पिशवी बांधण्यात वीस मिनिटे जातात. पहिल्यांदा हा वेळ फुकट वाटला होता, पण कॉइलचा भुर्दंड आठवला की हात आपोआप सावकाश चालतो.

यानंतरची पायरी कोकणातल्या गाड्यांना विशेष लागू आहे. तांबडी धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो आणि तो वायरींच्या जाळीदार आवरणात शिरून कायमचा बसतो, म्हणून पाण्याचा थेंबही लावण्यापूर्वी सगळे इंजिन कोरड्या ब्रशने झाडून घ्यावे. एवढ्यानेच निम्मी सफाई होते. उरलेल्या भागावर डिग्रीझर खालून वर लावत जावे. कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडांवर, थेट न फवारता ब्रश ओला करून घासावे, आणि शेवटी साध्या पाण्याचा बारीक फवारा वरून खाली मारून लगेच फडके फिरवावे. मला एका सफाईला एकूण तीन लिटरपेक्षा जास्त पाणी लागलेले नाही. मग पिशव्या काढून बॉनेट उघडे ठेवून दोन तास ऊन्हात वाळवतो, टर्मिनल जोडतो आणि गाडी दहा-पंधरा मिनिटे जागेवरच चालू ठेवतो.

टर्मिनल काढल्यामुळे घड्याळ आणि रेडिओची स्टेशने दरवेळी पुन्हा लावावी लागतात, आणि पहिल्या थोड्या अंतरापर्यंत इंजिनचा आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असतानाचा, वेग किंचित वरखाली होतो. पहिल्यांदा मी घाबरलो होतो, पण ईसीएमने (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने) आयडलिंगचे शिकलेले आकडे पुसले गेल्याने ते होते आणि आपोआप स्थिरावते.

आता फायदा काय झाला, हे सांगतो. जानेवारीत दुसरी सफाई केल्यावर स्वच्छ झालेल्या टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेला आठवड्याभरात तेलाची ताजी, केसाएवढी रेघ दिसली. पूर्वीच्या गेरूखाली ती कधीच दिसली नसती. पॅकिंग बदलून घेतले, आणि डिपस्टिकवर दर महिन्याला थोडी खाली जाणारी पातळी तेथेच थांबली. मार्चमध्ये बॅटरीमागे नारळाच्या सोडणाच्या काथ्याचे उंदराचे घरटे सापडले. आमच्या भागात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात, त्यामुळे ते कोरडे झाडले नाही. मास्क आणि हातमोजे घालून त्यावर जंतुनाशक शिंपडले, थोडा वेळ मुरू दिले आणि मगच उचलले. मेअखेरीस वायपरखालच्या जाळीतून आंब्याची मूठभर कुजलेली पाने निघाली. ती तशीच राहिली असती तर पाण्याची वाट तुंबून पावसात गाडीच्या आत ओल आली असती. जून ते ऑगस्ट मी डिग्रीझरला हात लावला नाही, कारण ऊन्हाशिवाय कपलर वाळण्याची खात्री नाही. फक्त कोरडे फडके फिरवले.

तक्रारीही आहेत. पूर्ण काम तीन तासांचे आहे आणि कंबर धरते. इंजिनचा खालचा, गिअरबॉक्समागचा भाग वरून हाताला लागत नाही. पंपाचा रबरी वॉशर पाच महिन्यांत डिग्रीझरमुळे फुगला आणि दाब धरेनासा झाला, म्हणून आता काम झाल्यावर पंप साध्या पाण्याने दोनदा फवारून रिकामा करतो. रबराला चकाकी आणणारे सिलिकॉनचे द्रवही एकदा वापरून पाहिले. चार दिवस शोरूमसारखे दिसले, पाचव्या दिवशी त्यावर सगळ्या वाडीची धूळ येऊन बसली. ते इंजिनच्या पट्ट्यावर उडाले तर पट्टा घसरू शकतो, त्यामुळे ती बाटली मी कोणाला भेटही देणार नाही.

खाली गळणारे तेलकट पाणी विहिरीच्या बाजूला जाऊ नये म्हणून गाडीखाली पत्र्याच्या ट्रेमध्ये लाकडाचा भुसा पसरतो. भिजलेला भुसा आमचा मेकॅनिक त्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपासोबत घेतो. रॉकेल किंवा पेट्रोलने इंजिन पुसण्याचा सल्ला मला निदान चौघांनी दिला. वाफ आणि ठिणगी एकत्र आल्यावर काय होते, हे मी प्रत्येकाला सांगितले. शेजाऱ्यांची गाडी हायब्रिड आहे. तिच्या बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतात आणि त्यांत उच्च दाबाची वीज असते. त्यांनी मला सफाईसाठी बोलावले, तेव्हा मी बॉनेट पुन्हा लावून दिले आणि सर्व्हिस सेंटरवर नेण्यास सांगितले.

गणपतीनंतर पाचवी सफाई केली. ब्रश आणि फडके एवढ्यावरच चाळीस मिनिटांत काम झाले, डिग्रीझर फक्त बॅटरीच्या ट्रेपुरते लागले, आणि टॅपेट कव्हरची कड बोट फिरवून पाहिली तर कोरडी होती.