इटली घेऊ की जर्मनी?
भाचीला एम.ए.च्या सेमिनारला राष्ट्रवादाचं एकच उदाहरण घ्यायचंय, आणि ती या दोघांत अडकलीय. एकोणिसाव्या शतकात दोन्हीकडे विखुरलेल्या छोट्या राज्यांचं एक राष्ट्र झालं. तिला माझं उत्तर असं:

पाया बघ. जर्मन राज्यांचा व्यापार १८३४ च्या जकातसंघाने (आपसातली जकात काढून टाकणारा करार) आधीच जोडला होता. इटलीत तसं काही नव्हतं.

किंमत? जर्मनीत प्रशिया या राज्याचा पंतप्रधान बिस्मार्कने १८६४, १८६६ आणि १८७० अशी तीन युद्धं केली. जर्मन साम्राज्याची घोषणा कुठे, तर हरत आलेल्या फ्रान्सच्या व्हर्सायमध्ये, आरसेमहालात! इटलीत १८६० साली क्रांतिकारक सेनानी गॅरिबाल्डी हजारेक स्वयंसेवक घेऊन सिसिलीत उतरला आणि जिंकलेला दक्षिण भाग उत्तरेतल्या पिडमाँट-सार्डिनिया राज्याच्या राजाच्या हवाली करून मोकळा झाला. (त्या राजाचा पंतप्रधान काव्हूर, त्याचे डावपेच विसरू नकोस.)

एकजिनसीपणात इटली लंगडी: १८६१ त राज्य झालं, पण घरोघरी बोली वेगळ्याच.

लोकांचा उठाव दाखवायचा तर इटली घे. सरकारने वरून घडवलेलं राष्ट्र हवं तर जर्मनी.