बीजीके की लार्म: आधी कोणाला ऐकावे?
१९८०च्या दशकातील डच हार्डकोर पंककडे, म्हणजे रॉक संगीताच्या अतिवेगवान, आक्रमक प्रकाराकडे, वळणाऱ्याला ॲमस्टरडॅमचा बीजीके आणि आमर्सफोर्टचा लार्म हे दोन बँड टाळता येत नाहीत. १५८४ मध्ये डेल्फ्ट येथे डच बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची हत्या करणाऱ्या बाल्थाझार जेरार्डचे नाव धारण केलेल्या बीजीकेचा (बाल्थाझार जेरार्ड्स कोमांडो) वेग जबरदस्त असला, तरी त्याच्या गाण्यांतील चाल पहिल्याच ऐकण्यात कानात बसते. लार्म म्हणजे जर्मन भाषेत गोंगाट. तेथे कित्येक गाणी मिनिटभरही टिकत नाहीत आणि ड्रम्सच्या माऱ्यात गिटारचे सूर अक्षरशः विरघळून जातात. नवख्याने बीजीकेपासून सुरुवात करावी. मला मात्र लार्मच अधिक जवळचा वाटतो, कारण त्यातील तिघांनी पुढे ‘सीइन रेड’ या बँडमधून लार्मची कडवी डावी राजकीय निष्ठा अनेक वर्षे जपली.